मदत हवी आहे: गोवर गेला, पण मुलगी सारखी आजारी पडतेय

मुलगी साडेतीन वर्षांची. गोवराच्या लशीच्या दिवशी नेमका ताप होता म्हणून तारीख पुढे ढकलली आणि ती राहूनच गेली. चूक माझीच. चार महिन्यांपूर्वी तिला गोवर निघाला: ताप, लालभडक डोळे, मग कानामागून सुरू होऊन अंगभर उतरलेलं पुरळ. आठ-दहा दिवसांत बरी झाली. पण तेव्हापासून दोनदा कान फुटला, एकदा न्यूमोनिया झाला. आधी क्वचितच आजारी पडायची. रात्री कान धरून उठून बसते, सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

गोवराने जुनी प्रतिकारशक्ती पुसली जाते असं वाचलं. २०१९ च्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं होतं. अँटिबॉडीजच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गेलेला आढळला. हे भरून यायला किती काळ लागतो? बाकीच्या लशी वाया गेल्या का?

प्रतिसाद १
ताई, वाचलंत ते खरं आहे. जुन्या आजारांची ओळख ठेवणाऱ्या पेशींतच हा विषाणू शिरतो आणि त्या मरतात. नव्या पेशी लवकर तयार होतात, पण त्यांना ओळख असते ती मुख्यतः गोवराचीच. बाकीची हळूहळू परत येते. हा काळ दोन-तीन वर्षांचाही असू शकतो. सगळ्या लशी नव्याने द्यायच्या असा सरसकट नियम नाही, पण लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना जरूर दाखवा. गोवर होऊन गेला तरी एमएमआर टाळू नका, गालगुंड आणि रुबेला त्यातच येतात. गोवरात व्हिटॅमिन ए दिलं होतं का? जागतिक आरोग्य संघटना सलग दोन दिवस दोन डोस द्यायला सांगते. आता मात्र स्वतःहून देऊ नका, जास्त झालं तर बाधतं.

प्रतिसाद २
दोनदा कान फुटलाय, तर ऐकू येण्याची तपासणी करून घ्याच. मुलं सांगत नाहीत, नुसती टीव्हीचा आवाज वाढवतात.

धागाकर्ती
टीव्हीचं वाचून धस्स झालं, ती हल्ली अगदी जवळ जाऊन बसते. फाईल काढली, व्हिटॅमिन ए एकदाच दिल्याची नोंद आहे. उद्या सकाळी कार्ड घेऊन जाते. धाकट्याची लसही उद्याच विचारते.