मदत हवी आहे: पावसाळा लागला आणि अमोनिया सेन्सर बिनसला

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी झिंक ऑक्साइडच्या नॅनोरॉड्सचा (अतिसूक्ष्म काड्यांचा) अमोनिया सेन्सर करतोय. विषय मीच मागून घेतला. काका रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात आहेत. तिथे अमोनियाची गळती शोधायला अजून गंधकाची काडी पेटवून पाइपाच्या जोडांवरून फिरवतात. पांढरा धूर उठला की गळती तिथेच. रोज वावरून नाकाला वास कळेनासा होतो.

काचपट्टीवर झिंक नायट्रेट आणि हेक्सामीनच्या द्रावणात 90 अंशांना रॉड्स वाढवले, 400 ला भाजले, वर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके. 275 अंशांवर फिल्मचा (म्हणजे रॉड्सच्या थराचा) विद्युत रोध मोजतो. एप्रिलमध्ये 50 पीपीएम अमोनियाला (हवेच्या दहा लाख भागांत 50) रोध आठव्या हिश्श्यावर यायचा, चेंबर उघडलं की 2 मिनिटांत जागेवर. जूनअखेरपासून साध्या हवेतलाच रोध निम्मा झालाय, अमोनियाला जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि परत चढायला 20 मिनिटं!

हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, अमोनिया त्याच्याशी भिडला की ते सुटतात, रोध पडतो, एवढं कळतं. मग पाण्याची वाफ त्या जागा बळकावतेय का? की पेस्ट उखडली? सर म्हणतात, नवी फिल्म कर. तीन केल्या, तिन्हींचं तेच.

काचपट्टी: तिन्हींचं तेच, मग पेस्टवर आळ नको. दमटपणाच. पण 50 पीपीएम देता कसे? सिलिंडर की लिकर अमोनिया (पाण्यात विरघळवलेला)?

धागाकर्ता: लिकर. सिरिंजने तापल्या पट्टीवर थेंब.

काचपट्टी: म्हणजे पाणीही तुम्हीच आत सोडताय! शिवाय चेंबरच्या भिंती ओलसर असल्या तर अमोनिया तिथेच विरघळून बसतो. सेन्सरपर्यंत 50 पोचत नाही, आणि उघडल्यावर भिंतींतून हळूहळू सुटत राहतो. तुमची 20 मिनिटं बहुधा तिथेच जातात. भिंती कोरड्या करा, फिल्म तासभर 400 ला तापवा. सिलिका जेल आत येणाऱ्या हवेच्या नळीत लावा. चेंबरमध्ये ठेवलंत तर जेलच अमोनिया पिऊन टाकेल.

खारावारा: आर्द्रतेचा सेन्सर शेजारी ठेवून प्रत्येक रीडिंगपुढे आकडा लिहा. पावसाळ्यातली रीडिंग फेकू नका हो. काकांच्या कारखान्यात बारा महिने ओलच असणार, आणि तिथे 25 पीपीएमलाच घंटा वाजायला हवी; 300 म्हणजे जिवाशी गाठ.

धागाकर्ता: लिकरचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या चेंबर पुसून, तापवून बघतो.