मदत हवी आहे: क्लाउडवरच्या स्पेकमधे क्लॉज नंबर सरकले, रेविटच्या कीनोटचं काय करू?

मंडळी, पुण्यात आमचं चार जणांचं ऑफिस आहे, 7 मजली बिल्डिंगचं काम चालू आहे. आधी स्पेक (कोणतं काम कशा साहित्याने, कसं करायचं ते क्लॉजवार, म्हणजे कलमवार, लिहिलेला दस्तऐवज) वर्डमधे असायचं ("फायनल 3 नवीन" वगैरे, तुम्हाला माहितीये) म्हणून यावेळी क्लाउडवर घेतलं, स्ट्रक्चरल आणि एमईपीवाले (वीज, प्लंबिंग, एसीचे कन्सल्टंट) तिथेच आपापले सेक्शन लिहितात. पण परवा कोणीतरी एएसी ब्लॉकचा (हलक्या काँक्रीटच्या विटा), आयएस 2185 भाग 3 या भारतीय मानकाचा, क्लॉज मधेच घुसवला आणि नंबर सलग असल्याने खालचे सगळे एकाने पुढे गेले, आमचे कीनोट (रेविट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, स्पेकच्या क्लॉजकडे नेणाऱ्या टिपा) क्लॉज नंबरनेच जोडलेले, त्यामुळे आता टॉयलेटच्या डिटेलवरचा वॉटरप्रूफिंगचा कीनोट चक्क गच्चीच्या चायना मोझॅककडे बोट दाखवतोय!

कीनोटची टेक्स्ट फाइल नव्याने एक्सपोर्ट करून रीलोड केली, तेव्हाच हा घोळ दिसला. सेक्शन लॉक करून पाहिले तर कन्सल्टंटला काहीच एडिट करता येईना. वेगळं प्लगइन घ्यायला बजेट नाही, टेंडर 12 दिवसांवर आलंय आणि क्लायंटला पीडीएफ सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) 2019 च्या स्पेकच्या क्रमानेच हवी आहे.

तर कीनोटला क्लॉज नंबरऐवजी न बदलणारा स्वतःचा कोड देऊन कोणी काम केलंय का, आणि टेंडरची कॉपी फ्रीझ करून बाकीच्यांचं एडिटिंग चालू कसं ठेवता?