पीप फिरतोय म्हणून नळी लावायची, की स्ट्रिंग सरळ करायची?

पीळदार
स्पष्टच लिहितो, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. तिरंदाजीत कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, मारणाऱ्या पोरांच्या बोवर पीपला बांधलेली ती रबरी नळी दिसली की समजायचं, ह्या स्ट्रिंगकडे कुणी नीट बघितलेलंच नाही. नवीन लोकांसाठी सांगतो, पीप म्हणजे स्ट्रिंगचे पदर मधोमध फाकवून त्यात बसवलेली भोकाची छोटी चकती, बो पूर्ण ओढला की ती डोळ्यासमोर येते आणि तिच्यातून पुढच्या स्कोपचं, म्हणजे बोवरच्या नेमाच्या भिंगाचं, वर्तुळ बघायचं. आता ओढताना स्ट्रिंगवरचा ताण बदलतो, पीळ जरा सुटतो नाहीतर आवळतो आणि पीप वळून बसतो, भोकाच्या जागी चकतीची कड दिसते. अर्धवट वळला तर अजून वाईट, कारण थोडं दिसतं म्हणून पोरं मान वाकडी करून मारतात आणि मग ग्रुप, म्हणजे लागलेल्या बाणांचा पुंजका, डावीकडे का जातोय म्हणून नेमाची साइट फिरवत बसतात. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं असतं, तिथं हे चालत नाही.

नळीचं एक टोक पीपला, दुसरं केबलला (चाकांमधली दुसरी दोरी), ओढलं की ती ताणते आणि पीपला खेचून सरळ करते. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बो प्रेसमध्ये, म्हणजे बो दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या यंत्रात, घ्या, कॅमवरून (टोकाच्या चाकावरून) स्ट्रिंगचं टोक काढा, अर्धा पीळ द्या किंवा काढा, परत चढवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मेहकरची_आई
सर, पाच मिनिटांचं काम आहे हे मान्य, पण प्रेस आहे कुठं? प्रथमेश जावकर आमच्या बुलढाण्याचा, 2023 ला शांघायच्या वर्ल्ड कपात त्यानं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 नी हरवलं तेव्हापासून आमच्याकडं पोरं कंपाउंडकडं वळली, चांगलंच झालं, पण प्रेससाठी आम्हाला अख्खा दिवस मोडून जावं लागतं, मुलाची शाळा बुडते, माझी रजा जाते. आणि प्रेसशिवाय टोक काढायला गेलं तर कॅम निसटून बोटं जातील, लिंब, म्हणजे बोचा वाकणारा हात, तडकेल, ते कोण भरून देणार? नळीला दोनशे रुपयेही लागत नाहीत. मुलाला सरळ दिसतंय, मुलगा मारतोय. तुम्हाला बघायला बरं वाटत नाही म्हणून आम्ही काढायची का?

पीळदार
ताई, दिसण्याचा प्रश्न नाहीये हो. मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होतं, चिरा पडतात आणि एक दिवस ऐन ओढलेल्या बोवर तुटून गालावर चटका बसतो. डोळा किती लांब असतो गालापासून? आणि मॅचमध्ये एका अॅरोला 20 सेकंद, सामान बिघडलं म्हणून वेळ वाढवून मिळत नाही. नळी तिथं तुटली तर काय करणार, बो खाली घेऊन बोटानं पीप फिरवणार?

सर्व्हिंगवाला
दोघंही शेवटापासून सुरू करताय. पीप फिरतो म्हणजे नक्की कसा फिरतो ते आधी बघा ना. मी स्ट्रिंगा बनवतो, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण "पीप फिरतो" एवढंच सांगतो आणि त्यात निदान तीन वेगवेगळे आजार असतात.

स्ट्रिंग नवीन आहे का? मग शंभर-दोनशे अॅरो होईपर्यंत तिला हातच लावू नका, पदर बसायचे असतात, आज दिलेला अर्धा पीळ पुढच्या आठवड्यात उलटा पडेल. दरवेळी तेवढाच वळतो का? मग अर्धा पीळ, पीळदार म्हणतात ते बरोबर, फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, पीप वरच्या कॅमला जवळ असतो त्यामुळे वरच्या टोकाला पीळ दिला की तो जास्त वळतो आणि खालच्या टोकाला दिला की कमी. थोडंच हवं असेल तर खालून द्या. अर्ध्याच्या पुढं जाऊन पूर्ण पीळ चढवत बसलात तर स्ट्रिंग आखूड होते, ड्रॉ लेंथ (बो ओढायची लांबी) आणि पीपची उंची दोन्ही हलतात.

आणि आज डावीकडे, उद्या उजवीकडे, दुपारी अजून तिसरंच असं असेल तर ती स्ट्रिंगच वाईट बनली आहे, सगळे पदर सारख्या ताणाखाली नाहीत. तिथं पीळ देऊन काही होत नाही, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. अशा स्ट्रिंगवर नळी लावणं म्हणजे फक्त लपवणं, हे मात्र पीळदारांचं खरं.

ऑरेंज_सिटी
भाऊ, एवढं काऊन करता? पीप काढा, एका बाजूचे दोन पदर दुसऱ्या बाजूला घ्या, परत बसवा. आम्ही नागपूरला असंच करतो, झटक्यात सरळ येतो.

सर्व्हिंगवाला
24 पदरांची स्ट्रिंग आहे, 12-12 असे दोन भाग, दोन रंगाची घेतली तर डोळे मिटून वेगळे होतात. तुम्ही 14-10 केलेत. आज सरळ आला, कबूल, पण 10 वाले पदर जास्त ताण घेतात आणि काही दिवसांनी पीप पुन्हा फिरायला लागतो. मग अजून एक पदर इकडून तिकडं?

ऑरेंज_सिटी
सीझनभर राहिला न भाऊ सरळ. तुमच्या थिअरीला माझ्या बोनं विचारलं नाही.

मेहकरची_आई
सर्व्हिंगवाले दादा, आमचा दरवेळी सारखाच वळतो, नळी काढून बघितलं मुलानं. स्ट्रिंग जुनी आहे, बो घेतला तेव्हाचीच. प्रेसशिवाय काही करता येईल का?

सर्व्हिंगवाला
किती वळतो? चकतीचं भोक लंबगोल दिसतं की दिसतच नाही? लंबगोल दिसत असेल तर डी-लूप बघा आधी, म्हणजे रिलीज (स्ट्रिंग सोडायचं हातातलं खटक्याचं साधन) अडकवतो तो दोरीचा फास. त्याच्या दोन गाठी स्ट्रिंगवर किंचित फिरलेल्या असल्या की रिलीज ओढताना स्ट्रिंगलाच मुरगळतो. पक्कड घेऊन दोन्ही गाठी मिळून हळूच, पीप ज्या बाजूला वळून बसतोय त्याच बाजूला, अगदी थोड्या सरकवा आणि अॅरो लावून परत ओढून बघा. ह्याला प्रेस लागत नाही. भोक दिसतच नसेल तर मात्र डी-लूपनं भागणार नाही.

आणि ताई, पीपच्या वर-खाली दोऱ्यानं घट्ट बांधलंय ना? नळी आहे म्हणून बरेच जण ते बांधतच नाहीत आणि सुटलेला पीप सरळ तोंडावर येतो.

मेहकरची_आई
लंबगोल दिसतं. वरून बांधलंय, खालचा दोरा सुटलाय. आज बांधते, डी-लूप उद्या मुलाच्या कोच सरांसमोर करू. नळी राज्य स्पर्धा होईपर्यंत राहणार.

पीळदार
राहू द्या, पण निदान नवी तरी लावा. आणि रविवारी प्रेस घेऊन अकोल्यापर्यंत येतोय मी, तिथवर आलात तर अर्धा पीळ देऊन देतो.

ऑरेंज_सिटी
पदर मोजून घ्या फक्त, नाहीतर सर्व्हिंगवाले रागावतील.