‘रोख’ म्हणजे नोटाच का?

लेखणीवाली: स्वीडनवरचा एक लेख मराठीत आणतेय. तिथं अनेक दुकानदार दारावर पाटी लावून नोटा-नाणी नाकारतात. मी लिहिलं, ‘येथे रोख स्वीकारली जात नाही’. संपादकांनी समासात लिहिलं, “मग काय उधार देतात?” काय करू? नगद? रोकड?

तीनशेर: संपादकांचं बरोबर आहे. ‘रोख’च्या समोर उधार उभी असते, ऑनलाइन नाही. आमच्या वाण्याकडे ‘आज रोख, उद्या उधार’च्या खालीच क्यूआर चिकटवलाय. पैसे आल्याचं सांगणारं खोकं ‘एकशे वीस रुपये’ बोललं की शेठ वहीत रोख मांडतात.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडं नगदच. पण कापसाचे पैसे थेट खात्यात आले तरी पीक नगदीच राहतं, त्यामुळं तुमची अडचण सुटत नाही ताई.

पंतोजी: नगद अरबी ‘नक्द’वरून आलाय. ‘रोकड’ला संस्कृत ‘रोक’ आहे. ‘रोकडमुक्त’ म्हणा, विषय संपला.

तीनशेर: पंतोजी, मग जमा, खर्च, बाकी, रक्कम हे अरबी-फारसी शब्दही काढा. कीर्दवही कोरीच राहील!

लेखणीवाली: ‘मुक्त’ नको, व्यसन सुटल्यासारखं वाटतं. आणि लेखाचा रोख (हा तिसराच!) उलटा आहे. 2012 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायचं स्विश ॲप आलं, नोटा दिसेनाशा झाल्या, आणि 2024 च्या सरकारी युद्ध-संकट पुस्तिकेत सल्ला काय, तर आठवडाभर पुरतील इतके पैसे नोटांत घरी ठेवा. वीज आणि नेटवर्क गेलं की ॲप काय कामाचं?

गणपुले_डोंबिवली: एक खोच. खात्यातला पैसा हे तुमच्या बँकेचं देणं, नोट हे रिझर्व्ह बँकेचं. डिसेंबर 2022 पासून चाचणीत असलेला ई-रुपया, म्हणजे डिजिटल चलन, हेही रिझर्व्ह बँकेचंच देणं. म्हणजे मोबाइलमध्येसुद्धा रोकडच की!

पंतोजी: हाताला लागत नाही ती रोकड कसली?

लेखणीवाली: बरं, मी सरळ ‘नोटा-नाणी’ लिहिते. पण त्या पुस्तिकेत नोटा लहान-मोठ्या ठेवा असंही आहे. तिथं ‘सुट्टे’ चालेल?

वऱ्हाडी ठेचा: चिल्लर म्हणा.

तीनशेर: चिल्लर म्हणजे नाणी. नोटा असतील तर मोड.

गणपुले_डोंबिवली: मोड मटकीला येतात. पैसे सुट्टे असतात.

तीनशेर: साताऱ्यात येऊन पाचशेची नोट काढा, मग कळेल काय असतात ते.