धाकट्या भावावर कौटुंबिक हिंसाचाराची केस: खोटं न बोलता बचाव कसा करावा?

नमस्कार. मी नाशिकला असते, माहेर साताऱ्याचं. भावजयीनं भावावर, आईवर आणि माझ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (जुनं ४९८अ) गुन्हा दाखल केलाय. शिवाय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्जही आहे. त्यात तिनं राहायला घर, पोटगी आणि तिचं स्त्रीधन मागितलंय. पोलिसांची नोटीस आली होती, आम्ही तिघं जाऊन आलो. अटक झालेली नाही.

खरं ते सांगते. भावानं तिच्यावर हात उचललाय. दिवाळीत, एकदाच, असं तो म्हणतो. ती म्हणते, त्याआधीही. मी तिथं नव्हते, त्यामुळे त्याची बाजू छातीठोकपणे घेणं मला जमत नाही. पण आईनं हुंड्यासाठी उपाशी ठेवलं, मी फोनवरून भावाचे कान भरले, हे मात्र घडलेलंच नाही. माझं-तिचं बोलणं सणासुदीपुरतंच.

वकील म्हणतात, सरसकट सगळं नाकारा, आणि ती दागिने घेऊन गेली अशी उलटी तक्रार करा. दागिने तर आईच्या कपाटात आहेत! भाऊ नोकरीच्या धास्तीनं हो म्हणायला निघालाय. चार रात्री झोप नाही. खोटं न बोलता त्याचा बचाव होऊच शकत नाही का? आणि आईला यातून कसं सोडवू?

प्रतिसाद

ताई, मी वकिली करतो. गप्प राहणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा राज्यघटनेच्या कलम २०(३) मधला हक्क आहे. गुन्हा सरकार पक्षानं सिद्ध करायचा असतो. पण दंडाधिकाऱ्यांपुढचं प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं, तिथलं खोटं हा स्वतंत्र गुन्हा. पोटगीसाठी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, त्यात पगार लपवू नका.

दागिन्यांची उलटी तक्रार अजिबात नको. यादी करा आणि कोर्टासमोर पोच घेऊन परत करा.

अटकेचं म्हणाल तर कलम ८५ला कमाल शिक्षा ३ वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) अशा गुन्ह्यात पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही, अटकेची गरज का आहे ते नोंदवावं लागतं. बोलावतील तेव्हा हजर राहा.

तुम्ही आणि आई: फिर्यादीत तुमच्याबद्दल तारीख, प्रसंग, काही ठोस आहे का ते ओळ न् ओळ वाचा. नातेवाइकांवरचे मोघम आरोप ग्राह्य धरू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाता येतं. भावाचा अर्ज वेगळा ठेवा, त्याची बाजू तुमच्याइतकी सरळ नाही.

भावाला सांगा, तिला फोन-मेसेज बंद. संरक्षण आदेश (तिला त्रास देऊ नका, असा कोर्टाचा आदेश) निघाला आणि तो मोडला, तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि केसचे तपशील इथं आणखी लिहू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल आईजवळ बसून यादी केली: ठुशी, बोरमाळ, चार पाटल्या, बाळाच्या बिंदल्या. बिंदल्या हातात घेऊन आई खूप रडली. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, उलटी तक्रार नको. आता दुसरा वकील शोधतोय. साताऱ्यात कोणी माहितीतलं असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.