मदत हवी आहे: लूर्दला व्हीलचेअरवरच्या आजीला मेणबत्ती मिरवणुकीत कसं नेऊ?

मी फ्रान्समध्ये, तुलूझला शिकतो. वसईहून आजी येतेय आणि तिला इथल्या लूर्द या तीर्थक्षेत्री जायचंच आहे. 1858 साली बर्नादेत नावाच्या मुलीला जिथे मरियामातेचं दर्शन झालं, त्या मासाबिएलच्या गुहेपुढे बसून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, ही तिची फार जुनी इच्छा. ती नीट पूर्ण व्हावी, एवढंच मला हवंय.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रेनने जाऊ. रात्री परतायचं नाही, एक मुक्काम करू. गुहेजवळच्या नळांचं पाणी फुकट भरता येतं आणि रात्री नऊची मिरवणूक ऑक्टोबरपर्यंत असते, एवढं शोधलंय. आजी चार पावलं चालते, पुढे व्हीलचेअरच लागते. मदतीला मी एकटाच, आणि माझं फ्रेंच कामापुरतं.

मिरवणुकीत आजारी भाविकांना पुढे जागा देतात. पण ती धर्मप्रांताच्या गटातून आलेल्यांनाच मिळते, की आमच्यासारख्या सुट्या माणसांनाही? आधी नाव द्यावं लागतं का, कुठे? स्टेशनवरून खाली येणारा उतार खुर्ची ढकलत जमेल, की टॅक्सीच बरी? व्हीलचेअर घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सांगा, मिरवणुकीसाठी किती आधी आणि नेमकं कुठे थांबायचं?