मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही

नमस्कार मंडळी,

घरामागे अंगणात साधारण २५ मीटरवर एक सुटी खोली आहे. आधी तिथे बागेची अवजारं असायची. यंदा आम्ही ती आतून नीट बांधून घेतली, भिंतींत थंडीसाठी इन्सुलेशन भरलं, आणि मी शनिवारचा मुलांचा ऑनलाइन वर्ग तिथून घ्यायला लागले.

अडचण अशी की काम व्हायच्या आधी तिथे फोनवर वायफायच्या दोन काड्या यायच्या. आता दार लावलं की एकही नाही. दार उघडं ठेवलं तर थोडंफार चालतं. गेल्या शनिवारी एक मुलगी पाठ केलेली कविता म्हणत होती. आवाज तुटत राहिला आणि तिने ती तीनदा पहिल्यापासून सुरू केली. शेवटी ती गप्पच झाली. तेव्हापासून मला चैन नाही.

राउटर घराच्या पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत वीज आहे, ती घरातूनच जमिनीखालच्या नळीतून गेली आहे. काय घ्यावं?

शनिवारच्या वर्गाची ताई

---

ताई, आमच्या वरच्या मजल्यासाठी एक्स्टेंडर आणला, प्लगमध्ये लावला, पाच मिनिटांत काम झालं. तुम्हीही मागच्या खोलीत एक लावून बघा.

---

नमस्कार,

नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन आणि नेटवर्कच्या कामात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

> मागच्या खोलीत एक लावून बघा

वरच्या मजल्याला चालतो ते खरं आहे, पण इथे नको. एक्स्टेंडर जो सिग्नल ऐकतो तोच पुढे सांगतो. ज्या खोलीत काहीच ऐकू येत नाही तिथे बसवला तर सांगणार काय? शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दाराचं आहे. २५ मीटर मोकळी हवा वायफायला जड नाही. तुमच्या इन्सुलेशनच्या पाट्यांना चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा असणार. धातूचा तो पातळ थर रेडिओलहरी परत फिरवतो. चारी भिंती आणि छत त्याने मढवलं की खोली डब्यासारखी बंद होते आणि दार तेवढं फट म्हणून उरतं. उष्णता अडवणाऱ्या काचांवरही धातूचा अदृश्य थर असतो, म्हणून खिडकीतूनही फारसं येत नाही.

हे पडताळून बघा. सिग्नलचा आकडा दाखवणारं एखादं ॲप फोनवर घ्या. आकडा डीबीएम या मापात आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला जोडणी फक्त नावापुरती. आकडा ३ ने (म्हणजे ३ डीबीने) घटला की शक्ती निम्मी होते. दाराबाहेर एकदा मोजा, आत दार लावून एकदा मोजा. दोन्हींत २० डीबीचा फरक निघाला तर भिंत शंभरातला एकच भाग आत सोडते आहे. मग घरातला राउटर कितीही महागडा घेतला तरी उपयोग नाही. फोनला उलट उत्तरही त्याच भिंतीतून पाठवायचं असतं आणि त्याचा आवाज राउटरपेक्षा बारीक.

म्हणून माझं म्हणणं, भिंत ओलांडायचं काम तारेवर सोपवा. खोलीपर्यंत केबल न्या आणि आत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारं यंत्र, लावा. मग जो धातू आज आडवा येतो आहे तोच बाहेरच्या वायफायचा गोंगाट अडवेल.

केबल कुठली? अंतराचा प्रश्न नाही, तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये मी तांबं टाकत नाही. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतपातळीत फरक पडतो आणि तो भरून काढायला प्रवाह तुमच्या केबलमधून धावतो. एका पावसाळी रात्रीत दोन्ही टोकांची यंत्रं गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारे डबे, लावले की झालं. तयार टोकं बसवलेली, बाहेर वापरायची, धातूचं कवच नसलेली फायबर मिळते, ती घ्या. तांबंच टाकायचं ठरलं तर पूर्ण तांब्याचं घ्या, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नको, आणि दोन्हीकडे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर लावा.

विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही असतात. वायरिंग बरं असेल तर चालतात. पण खोक्यावरचा वेग हाती येत नाही, आणि सर्ज फिल्टर असलेल्या पट्टीत लावले तर तो फिल्टर सिग्नलच गिळतो. खणणं अशक्यच असेल तेव्हा बघा.

काका

---

काका, खणायचं नसेल तर बिनतारी ब्रिजही आहे ना? दोन्ही इमारतींवर बाहेरून समोरासमोर दोन अँटेना, आणि तिथून केबल आत. भिंतीचा प्रश्न त्यानेही सुटतो. आम्ही तसंच केलं आहे. फक्त एक सांगतो, आम्ही तो हिवाळ्यात लावला आणि उत्तम चालला. वसंतात मधल्या झाडाला पालवी फुटली आणि जोडणी रोज तुटायला लागली. ओली पानं रेडिओ शोषून घेतात हे तेव्हा कळलं. समोरचं नुसतं दिसणं पुरेसं नाही. ५ गिगाहर्ट्झवर २५ मीटरच्या मध्यावर चोहोबाजूंनी साधारण ६० सेंटीमीटर जागा मोकळी हवी. आम्ही शेवटी अँटेना छताच्या कडेला वर नेला.

---

दोघांचेही आभार. मोजलं. दाराबाहेर उणे ६२, आत दार लावून उणे ८६! आणि आमच्याही मध्ये झाड आहेच, ते मला तोडायचं नाही. तेव्हा केबलच. काका, विजेची जी नळी आधीच आहे तिच्यातूनच ओढली तर खणणं वाचेल का?

---

ताई, तांब्याची नेटवर्क केबल विजेच्या नळीत कधीही नको. आवरण खरचटलं तर ती वीज थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येईल. धातूविरहित फायबरसाठी नियम देशोदेशी वेगळे आहेत, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय तीही नको. मी वेगळीच नळी टाकेन. खणण्याआधी गॅस, पाणी, वीज कुठून गेली आहे ते खात्रीने माहीत करून घ्या. नळी फायबरची टोकं सहज सरकतील एवढी रुंद हवी आणि वळणं मोठी, काटकोनी नकोत. आणि फायबर ओढताना सोबत एक रिकामी दोरीही आत सोडून ठेवा. पुढे काही न्यायचं झालं तर पुन्हा खणावं लागणार नाही.

जोडलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही सवयच लावून घ्या.

काका

---

मंडळी,

काम झालं. दोन शनिवार-रविवार लागले. राउटरपासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत साधी नेटवर्क केबल नेली, तिथून पुढे फायबर.

दोन ठिकाणी अडकलो, ते लिहून ठेवते. मी फायबरच्या एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर मागवले आणि दोन्ही एकाच प्रकारचे आले. दोन दिवस त्यांच्यावरचा जोडणीचा दिवा लागेना. या प्रकारात एक टोक १३१० नॅनोमीटरवर बोलतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं नेमकं उलट. दोघंही एकाच तरंगलांबीवर बोलत होते, ऐकणारं कुणीच नव्हतं. खोक्यावरची ए आणि बी ही अक्षरं बघून जोडी घ्या.

दुसरं, ॲक्सेस पॉइंट म्हणून घरातला जुना राउटर लावला. घरच्या राउटरसारखा तोही यंत्रांना स्वतःचे नेटवर्क पत्ते वाटायला लागला आणि घरातला प्रिंटर सापडेना. काकांनी फोनवर सांगितलं तसं त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो पत्ते वाटत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, त्यामुळे फोन अंगणातून आत आला की आपोआप जवळचा सिग्नल धरतो.

आता दार लावून उणे ४५. परवाच्या वर्गात त्या मुलीने कविता सलग म्हटली.

माझ्याकडे नळीचा आठ मीटरचा तुकडा आणि वायर ओढायची स्प्रिंग उरली आहे. कुणाला हवी असेल तर कळवा.

शनिवारच्या वर्गाची ताई